बारा कोरांचा मेंदू आणि सोनूबाईंचा कातळ

काम एकोणीस टक्क्यांवर आलं आणि वीज गेली.

"गेली," नम्रता म्हणाली. रत्नागिरीत एवढ्यावर सगळं कळतं. काय गेली, असं कोणी विचारत नाही.

नम्रता माझी बायको. शाळेत चित्रकला शिकवते, आणि सुटीच्या दिवशी हातखंब्याच्या पलीकडच्या एका वाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जाऊन कातळावर कोरलेलं एक चित्र साफ करत बसते. आमच्याकडच्या सड्यांवर अशी चित्रं पुष्कळ आहेत. कोणी कोरली, कशासाठी कोरली, हे सांगायला कोणी उरलेलं नाही. हिच्या चित्राची अडचण अशी की ते अवाढव्य होतं. त्याच्यावर उभं राहिलं की पायाखाली नुसत्या रेघा. काही गवतात शिरलेल्या, काही मातीने बुजलेल्या. ती सहा महिने कुंचल्याने माती काढत होती आणि उंच काठीला मोबाइल बांधून फोटो काढत होती. शेकडो फोटो. ते सगळे एकमेकांना जोडून, आकाशातून पाहिल्यासारखं एकच चित्र करून देणारा एक प्रोग्राम तिने मिळवला होता. पण आमचा काँप्युटर म्हातारा. त्याच्या गतीने हे काम आठवडाभर चाललं असतं, आणि आमच्या भागात वीज आठवडाभर सलग राहिल्याची आठवण आमच्या इमारतीतल्या सर्वांत वयोवृद्ध सभासदालाही नव्हती.

त्यात घाई होती. जमीन सोनूबाई धनावडे यांची. त्यांचा मुलगा नितेश मुंबईत नोकरीला, आणि त्याला आता गावी येऊन सड्यावर हापूसची बाग करायची होती. कातळात कलमं लावायची म्हणजे ब्रेकर लावून खड्डे फोडायचे आणि बाहेरून माती आणून भरायची. ब्रेकर सोमवारी येणार होता. नितेश माणूस वाईट नाही. नम्रताला म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही सांगता मोठं आहे, जुनं आहे. असेल. मला रेघा दिसतात. रेघांसाठी बाग सोडली असं मी बायकोला कुठल्या तोंडाने सांगू? काय आहे ते एकदा दाखवा, मग बोलू."

दाखवायचं तर चित्र पूर्ण व्हायला हवं होतं. ड्रोनवाल्याने सांगितलेला भाव ऐकून आम्ही त्याला चहाही आवरता घ्यायला लावला होता. नव्या काँप्युटरचं नाव काढायची सोय नव्हती, कारण त्या वर्षी आमची सगळी शिल्लक चिरंजीवांच्या हॉस्टेलने गिळली होती.

"तुमची पण गेली का?" दारातून आवाज आला.

हे दीपकराव भाटकर. वरच्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. वीज गेली की ती सर्वांची समान गेली आहे ना, याची खातरजमा करायला ते प्रत्येक मजल्यावर फिरतात. त्यांनी बंद काँप्युटरकडे पाहिलं, सगळी हकीकत ऐकली आणि डॉक्टर नाडी सोडतात तसा माउस सोडला.

"राजाभाऊ, प्रोसेसर बदला. बाकी सगळं तेच ठेवा. नुसता मेंदू नवा."

"परवडेल?"

"सेकंडहँड घ्या. मेंदू वापरलेला असला तरी काय फरक पडतो? तुमच्या कार्यालयात बघता ना."

हा टोला मी सोडून दिला. मी एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळतो. फिनेलपासून पंख्यापर्यंत एकही वस्तू माझ्या पारखेवाचून कार्यालयात येत नाही. त्यामुळे खरेदी हा माझा प्रांत आहे, असं मी जाहीर केलं. दोन संध्याकाळी खपून, पुण्यातल्या एका विक्रेत्याकडचा वापरलेला प्रोसेसर मी निवडला. आमच्या जुन्याला चार कोर होते, याला बारा. कोर म्हणजे काय ते मला सांगता आलं नसतं. पण चारापेक्षा बारा बरे, एवढं भांडारपालाला कळतं. ऑर्डर नम्रताच्या मोबाइलवरून दिली, आणि माझ्या प्रतिष्ठेची पहिली वाताहत तिथेच ठरली.

पार्सल गुरुवारी आलं, पण हातखंब्यापर्यंतच. पुढे गाडी येणार नाही, येऊन घेऊन जा, असा निरोप आला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्कूटरवर निघालो. हायवेचं काम चाललेलं, त्यामुळे पोचेपर्यंत मी लाल मातीने आपादमस्तक माखलो होतो. एका टायरच्या दुकानामागे कुरिअरचं ऑफिस होतं. लवू नावाचे एक गृहस्थ टेबलामागे बसले होते. माझं पार्सल मला समोर दिसत होतं. त्यावर आमचा पत्ता होता. मी हात पुढे केला.

"ओटीपी सांगा," लवू म्हणाले.

"तो बायकोच्या मोबाइलवर आला असणार."

"मग विचारा."

"ती रजा टाकून सड्यावर आहे. तिथे रेंज नाही."

"मग रेंजमध्ये बोलवा."

"रेंज नसताना कसं बोलावणार?"

लवूंनी यावर खरोखर विचार केला. "ते पण आहेच," असं म्हणून ते पार्सल त्यांनी माझ्यापासून थोडं लांब सरकवलं.

मी आधार कार्ड दाखवलं. कार्यालयाचं ओळखपत्र दाखवलं. पंचवीस वर्षं शासनाने माझ्या हाती भांडाराच्या किल्ल्या दिल्या आहेत, हेही सांगितलं. "शासनाने दिल्या असतील, सायेब," लवू शांतपणे म्हणाले, "आमचं मशीन ओटीपी मागतंय."

शेवटी स्कूटर सड्याकडे वळवली. नम्रता उन्हात टोपी घालून रेघा झाडत होती. शेजारी काजूच्या सावलीत सोनूबाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर आडवा हात धरून माणसाला नीट न्याहाळणाऱ्या. माझी अवस्था पाहून त्यांनी आधी तांब्या पुढे केला, मग विचारलं, "काय झाला वो?"

मी सांगितलं. त्या उठल्या आणि सड्याच्या टोकाला एका धोंड्यापाशी आम्हाला घेऊन गेल्या. "नितेसला फोन करायचा तर मी हितंच उबी रव्हतंय. ह्या धोंड्यार चढा. तोंड तकडं करा, समुद्राकडं."

नम्रता धोंड्यावर चढली, समुद्राकडे तोंड केलं आणि मोबाइल खणखणला. ओटीपी आला होता. मी तो मनात घोकत हातखंब्याला पोचलो, तर लवू म्हणाले, "हा शिळा झाला. नवीन पाठवतो." मग मी परत सड्यावर न जाता लवूंच्या फोनवरून नम्रताला लावलं. माझ्या नशिबाने ती अजून धोंड्यावरच होती. सोनूबाईंनीच तिला उतरू दिलं नव्हतं. "पयला आकडा कदीच चालत नाय," म्हणाल्या होत्या.

"काय हाय काय त्या पार्सलात?" त्यांनी नंतर नम्रताला विचारलं.

"काँप्युटरचा मेंदू आहे, आजी. नवा."

"आनि जुना कुटं टाकनार?"

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ पंचा अंथरून मी तो डबा उघडला. एवढा उपद्व्याप ज्याच्यासाठी केला ती वस्तू खारी बिस्किटाएवढीसुद्धा नव्हती. वर चकचकीत पत्रा, आणि उलटी केली तर सोनेरी टाचण्यांचं शेत. दाट, सरळ, ओळीत लावलेलं. नम्रता चष्मा कपाळावर चढवून त्याच्यावर वाकली. "राजा, हे माणसाने केलंय?" ती हळूच म्हणाली. तिने वाचलं होतं की आत अब्जावधी बारीक कळा असतात, उघडझाप करणाऱ्या. अब्ज हा शब्द मी आजवर फक्त शासनाच्या तुटीसंदर्भात ऐकला होता. आमच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, तेवढं काहीतरी निमूट पडून होतं.

मग दीपकराव आले आणि "बघू," म्हणून त्यांनी ते उचललं. त्यांना शिंक आली. मी कोणावर आरोप करत नाही. शिंक नैसर्गिक असते. पण त्यांनी दोन बोटांनी जे दाबलं, त्याने शेताच्या एका कोपऱ्यातलं पीक वारा लागल्यासारखं आडवं झालं.

नम्रताने डोळे मिटून घेतले. सोमवारला एक दिवस मधे होता.

"वाकड्या झालेल्या सरळ करता येतात," दीपकराव खोल आवाजात म्हणाले. "आपल्याकडे त्यातली तज्ज्ञ व्यक्ती आहे."

तळमजल्यावर डॉ. अक्षया शेट्ये यांचा दातांचा दवाखाना आहे. मुलांच्या वाकड्या दातांना तारा लावण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नाही. मी प्रोसेसर पेढ्यांच्या खोक्यात कापसावर ठेवला आणि खाली उतरलो. काउंटरवरच्या बाईंनी नियमाप्रमाणे केसपेपर काढला.

"पेशंटचं नाव?"

"पेशंट... असा नाही आहे."

"नाव लागतं."

"प्रोसेसर."

"आडनाव?"

मी माझं घवाळी लावलं.

"वय?"

"सेकंडहँड आहे. नक्की सांगता येत नाही."

बाईंनी 'प्रौढ' असं लिहिलं. मला गालफडं सुजलेल्या तिघांच्या मधे बसवलं. त्यातल्या एकाने खोक्याकडे पाहून खुणेने विचारलं की गोड बातमी आहे का. मी नकारार्थी मान हलवली. त्याने सहानुभूतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

डॉक्टरांना मात्र हसू आवरलं नाही. पण त्यांनी ते खोकं मोठ्या दिव्याखाली घेतलं, भिंग डोळ्यांना लावलं आणि हसू गेलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "केवढं सुंदर आहे हे." मग श्वास रोखून एकेका टाचणीला त्या बारीक अणकुचीदार हत्याराने उभं करू लागल्या. खुर्चीवर मी बसलो होतो, कारण कोणीतरी बसल्याशिवाय दिवा त्यांच्या मनासारखा खाली येत नव्हता. तोंड उघडायची गरज नव्हती, तरी सवयीने माझं उघडंच राहिलं. शेवटची टाचणी उभी राहिल्यावर डॉक्टर मागे रेलल्या. "एकही तुटली नाही. फी नको. पण चित्र झालं की मला बोलवा."

वर आलो तर दीपकराव टूथपेस्ट घेऊन तयार. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्या मधे गारव्यासाठी एक लेप लागतो, तो आणायला मी विसरलो होतो, आणि टूथपेस्टने काम भागतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "निदान तासभर," ते म्हणाले. मी भांडारपाल म्हणून ठामपणे नकार दिला आणि बाजारात जाऊन खरा लेप आणला. यानंतर प्रोसेसर बसवला. तो आपल्या जागेत इतका अलगद बसला की मला भरून आलं. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा मात्र काळाच.

मदरबोर्ड नव्या मेंदूला ओळखत नव्हता. मोबाइलवर तासभर शोधल्यावर उलगडा झाला: बोर्डाच्या आत एक छोटा प्रोग्राम असतो, बायोस नावाचा. तो आधी नवा करायला हवा. तो नवा करायला काँप्युटर चालू हवा. काँप्युटर चालू व्हायला जुना मेंदू हवा. म्हणजे नवा काढा, जुना लावा, शिकवा, जुना काढा, नवा लावा. सोनूबाईंचा प्रश्न किती रास्त होता, ते मला तेव्हा कळलं. जुना टाकला नव्हता हे आमचं भाग्य. आणि शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: हे चालू असताना वीज गेली, तर बोर्ड कायमचा संपला.

त्या ओळीपाशी आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझा इन्व्हर्टर," दीपकराव उठून उभे राहिले. शिंकेची भरपाई करायची संधी त्यांना दिसली असावी. रविवारी सकाळी त्यांच्या बाल्कनीतून आमच्या बाल्कनीत वायर सोडण्यात आली. इन्व्हर्टरवर ताण नको म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातले पंखे बंद केले. इमारतीत कोणी एकदम भार टाकू नये म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर सूचनाही टाकली: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की श्री. घवाळी यांच्याकडे मेंदू बदलण्याचे काम सकाळी दहा वाजता होत आहे. कृपया त्या वेळेत मिक्सर, गीझर व लिफ्ट वापरू नये. प्रसंग नाजूक आहे. सहकार्य अपेक्षित.'

'काँप्युटरचा' हा शब्द घाईत राहून गेला होता.

पावणेदहाला शहाळी आली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मऊ भात घेऊन आल्या आणि मी दार उघडलेलं पाहून दचकल्या. चिपळूणहून मेहुण्याचा फोन आला. तो नम्रताला म्हणत होता की घरच्या घरी असं काही करू नका, कोल्हापूरला चांगले लोक आहेत. मी फोन घेऊन माझा मेंदू शाबूत असल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, "ताईला दे." खुलासे करूनही आलेले लोक गेले नाहीत. शहाळी फोडून ते हॉलमध्ये बसले.

बायोसची पट्टी सरकू लागली. हॉलमध्ये कोणी घोट घेण्याचाही आवाज करेना. पट्टी अर्ध्यावर आली आणि वीज गेली. पंखा थांबला, कोणाच्या तरी घरातल्या कुकरचं शिट्टी देणं तेवढं चालू राहिलं. पडदा मात्र उजळच होता. वरून आलेल्या त्या वायरीच्या जोरावर पट्टी सरकत सरकत शेवटाला टेकली. मी वळून पाहिलं, तर दीपकरावांनी वायर दोन्ही हातांत धरली होती, जणू ती सुटली तर तेच वीज देणार होते. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

वीज आल्यावर मी नवा मेंदू परत बसवला. पडदा उजळला आणि कोपऱ्यात आकडा आला: बारा. टाळ्या पडल्या. नम्रताने फोटो जोडायचं काम सुरू केलं. जुन्याला दिवसभरात जे जमत नव्हतं, ते हा अर्ध्या तासात मागे टाकत चालला होता. बारा चौकोनांत बारा रेघा एकदम उसळत होत्या. मी इतकी वर्षं कार्यालयात काढली, पण बारा जणांनी एकाच वेळी काम केलेलं मी प्रथमच पाहत होतो.

दुपारी नितेश आला, सोनूबाईंना घेऊन. नम्रतानेच निरोप पाठवला होता. नितेशच्या हातात बागेचा आराखडा होता. खाली कुलूप लावून डॉक्टरही वर आल्या. सोनूबाईंना खुर्ची दिली, पण त्या पडद्यासमोर जमिनीवर बसल्या. "मना हितनं दिसतंय," म्हणाल्या.

शंभर टक्के झाले. पडदा क्षणभर करडा झाला, आणि मग वरून सावकाश चित्र उलगडलं.

मी आधी सांगतो, मला सड्यावरच्या त्या रेघा पाठ होत्या. मीही त्या ओलांडून डबा पोचवायला गेलो होतो. तरी हे मला कळलं नव्हतं. तो एक पाकट होता. आपल्या बाजारात येतो तो, रुंद पंखांचा मासा. पण सड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेला. दोन्ही पंख उचलून तो जणू पोहत होता. शेपूट वाडीच्या वाटेपर्यंत गेली होती. आणि त्याच्या पंखांच्या आत, जागा मिळेल तिथे, लहान लहान मासे कोरले होते. एकासारखा दुसरा नाही. ज्यांनी कोरला त्यांना वरून पाहायची सोय नव्हती. त्यांनी हा कधीच पाहिला नसणार. तरी एक रेघ कुठे चुकलेली नव्हती.

हॉल भरलेला होता. दीपकरावांना सल्ला देता येईना. डॉ. अक्षयांनी हाताने तोंड झाकलं होतं. नम्रता रडत होती. तिला ते कळत नव्हतं बहुतेक.

सोनूबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या आणि पडद्याच्या मधोमध बोट नेलं. "ह्या गोल काय हाय?"

"ते तुमचं खळं, आजी. भात झोडता ना तुम्ही, तेच."

"म्हंजे पोटात."

"हो. बरोबर पोटात."

त्या म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासना हितं भात झोडलाय. पोरांना हितंच निजवलाय मी. नितेस, तुला पन. ह्याच्या पोटात." मुलाकडे वळून त्या पुन्हा म्हणाल्या, "तू पन व्हतास रं."

नितेशने आराखडा उघडला, पडद्याशी धरला. खड्ड्यांच्या ओळी त्याने लाल शाईने आखल्या होत्या. त्याचं बोट एकेक ओळ मोजत पुढे आलं आणि थांबलं. "मॅडम, हे काय?"

"डोळा," नम्रता म्हणाली.

बराच वेळ तो आराखड्याकडे आणि चित्राकडे आलटून पालटून पाहत राहिला. मग बाल्कनीत गेला. ब्रेकरवाल्याशी बोलताना त्याचा आवाज चढला. आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नव्हते, हे आम्हाला इकडे कळलं. आत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. "खालच्या अंगाला थोडी माती आहे. तिथे करू जेवढी होतील तेवढी," तो म्हणाला. "बाग म्हणता येणार नाही तिला." आईने त्याचा हात धरून खाली आपल्याशेजारी बसवलं, आणि दोघं पुन्हा पाहत राहिली. शेवटी मुंबईला बायकोला पाठवायला त्याने पडद्याचा फोटो काढला. त्यात शेपूट सुटली म्हणून पुन्हा काढला.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे सड्यावर गेलो. दीपकराव आले, डॉक्टर आल्या. तिथे उभं राहिल्यावर पुन्हा तेच: लाल-काळा कातळ, सुकलेलं गवत, आणि पायाखाली रेघा. पाकट कुठेच दिसत नव्हता. पण आता कोणाचं पाऊल आधीसारखं पडत नव्हतं. दीपकरावांनी नेमकं कुठे उभं राहावं ते न कळून चपला हातात घेतल्या. वारा समुद्राकडून येत होता आणि गवत एका बाजूला लवत होतं, तेव्हा क्षणभर मला वाटलं की खालचं काहीतरी हललं.

मी जरा जवळून पाहावं म्हणून पुढे निघालो, तर मागून सोनूबाई ओरडल्या, "अवो, तकडना नको, तकडना नको! वळसा घाला."

मी थांबलो. "का हो?"

"डोला हाय त्याचा," त्या म्हणाल्या, आणि माझा दंड धरून मला बाजूने घेऊन गेल्या.